सहाव्या जागेचा हिशेब

11 मार्च 2025 च्या रात्री सामना होता बंगळुरूच्या कांतिरवा मैदानावर, बंगळुरू एफसी आणि मुंबई सिटी यांच्यात. पण त्या नव्वद मिनिटांची सर्वाधिक धास्ती भुवनेश्वरमध्ये होती. ओडिशा एफसीचे इंडियन सुपर लीगच्या साखळीतले सगळे 24 सामने आटोपले होते आणि खात्यावर 33 गुण होते. मुंबईचेही 33च, पण मुंबईचा एक सामना शिल्लक होता. नुसती बरोबरी झाली तरी प्लेऑफमधली सहावी जागा मुंबईला मिळणार होती. ओडिशाच्या खेळाडूंच्या हातात काही उरले नव्हते. मुंबई 2-0 ने जिंकली, लालियानझुआला छांगटे आणि निकोलाओस कारेलिस यांनी गोल केले आणि ओडिशाचा हंगाम दुसऱ्याच दोन संघांच्या सामन्यात संपला.

फुटबॉलच्या चाहत्याला अशा रात्री पाठ असतात. आपला संघ खेळतो तेव्हा तो ओरडतो, पण प्रतिस्पर्धी खेळतो तेव्हा तो हिशेब करतो. गोव्याचे किती सामने उरले, त्यांतले घरच्या मैदानावर किती, केरळला पुढच्या आठवड्यात कोण भेटणार, जमशेदपूर हरले तर कोणाचे फावणार. हा हिशेब म्हणजे रिकामटेकडी बडबड, असा एक समज आपल्याकडे आहे. तो चुकीचा आहे. लीग टिकते ती या हिशेबावर. आणि तो करणाऱ्याला लीग चालवणाऱ्यांनी आजवर फारच कमी मान दिला आहे.

मोहोपाड्यातून हे अधिक स्पष्ट दिसते. रायगडच्या खालापूर तालुक्यातले हे गाव पाताळगंगेच्या खोऱ्यात, रसायनीच्या कारखान्यांना लागून वाढले. 1960 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सने इथे कारखाना उभारला, मागोमाग बाकीचे उद्योग आले, आणि कामासाठी देशाच्या वेगवेगळ्या राज्यांतली माणसे आली. याच कंपनीचा दुसरा कारखाना कोचीजवळ अंबलमुगलला. मल्याळी, बंगाली, ओडिया शेजारी या पट्ट्याला नवे नाहीत. मूळचा रायगडकर कबड्डी आणि टेनिस बॉलच्या क्रिकेटवर वाढलेला. पण पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर मोबाइलवर सामना सुरू असेल, एक जण मुंबईचा, दुसरा केरळचा आणि तिसरा मोहन बागानचा असेल, तर वादाला विषय शोधावा लागत नाही.

मुंबई सिटीचे घरचे मैदान अंधेरीला, शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात. मोहोपाड्याहून तिथे जायचे तर आधी दांड फाटा किंवा पनवेल गाठायचे, पनवेलहून हार्बरची लोकल पकडून वडाळ्यामार्गे अंधेरी. सामना साडेसातला सुरू होतो आणि साडेनऊला संपतो. पनवेलला परत उतरेपर्यंत मध्यरात्र जवळ आलेली असते आणि सकाळी सातची पाळी वाट पाहत असते. म्हणजे इथल्या चाहत्याने हंगामात एखादा सामना मैदानावर पाहिला तरी पुष्कळ. 2014 आणि 2015 मध्ये हा संघ नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळायचा, तेव्हा रायगडकरांना तो जवळ होता. 2016 पासून तो अंधेरीला गेला. मैदान दूर गेल्यावर चाहत्याच्या हाती उरते ती गुणतालिका.

आणि ती वाचायला डोके लागते. 2022-23 ते 2024-25 या तीन हंगामांत इंडियन सुपर लीगमध्ये पहिले सहा संघ प्लेऑफला जायचे. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. तिसऱ्याची गाठ सहाव्याशी, चौथ्याची पाचव्याशी, एकाच सामन्यात निकाल, आणि सामना वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर. त्यामुळे तालिकेत एक नव्हे, तीन लढाया एकाच वेळी चालायच्या: पहिल्या जागेची, दुसऱ्या जागेची आणि सहाव्या जागेची. 2024-25 मध्ये बंगळुरू, नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर अशा तीन संघांचे प्रत्येकी 38 गुण झाले. बरोबरीतल्या संघांची क्रमवारी कशी लागते, हा नियमावलीच्या कोपऱ्यातला मजकूर त्या आठवड्यात चाहत्यांना तोंडपाठ करावा लागला.

सहाव्या जागेला किती गुण पुरतात, यावर सगळ्यात जोरदार वाद व्हायचा. आकडे सांगतात ते असे. 2022-23 मध्ये सहाव्या क्रमांकावरच्या ओडिशाचे 20 सामन्यांत 30 गुण. 2023-24 मध्ये चेन्नईयिनला 22 सामन्यांत 27 गुण पुरले. 2024-25 मध्ये मुंबईने 24 सामन्यांत 36 गुण मिळवले. सामन्यामागे दीड गुण पकडून चालले की आत, एवढे यातून निघते. एखाद्या वर्षी सव्वाही पुरतो. जानेवारीत कोणी म्हणाले, "ईस्ट बंगाल अजून येऊ शकते," तर समोरचा लगेच उरलेले सामने मोजतो, त्यांना तीनने गुणतो आणि विचारतो की इतक्या वर्षांत यांनी सलग पाच सामने जिंकले कधी? शाळेत गणिताला कंटाळलेली मुले इथे दशांश चिन्हापर्यंत भांडतात. हे चांगलेच आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. प्रतिस्पर्ध्याची शक्यता तपासायची तर प्रतिस्पर्ध्याचा खेळ पाहावा लागतो. आपल्या संघापुरते पाहणाऱ्याला त्याचे अकरा खेळाडू कळतात. सहाव्या जागेचा हिशेब मांडणाऱ्याला अख्खी लीग कळते. गोव्याची मधली फळी कशी पास देते, जमशेदपूर घरच्या मैदानावर का अवघड जाते, नॉर्थईस्टच्या अलाउद्दीन अजरायने 2024-25 मध्ये 23 गोल कसे केले, हे मुंबईच्या चाहत्याला माहीत होते ते या वादांमुळेच. खेळाची जाण वाढवण्याचा याहून स्वस्त आणि चोख मार्ग आपल्या देशात तरी दुसरा नाही.

मराठी चाहत्याच्या निष्ठाही सरळ रेषेत नाहीत, त्यामुळे वादाला रंग चढतो. लीग 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा केरळ ब्लास्टर्सच्या मालकांत सचिन तेंडुलकर होता. महाराष्ट्रातल्या किती तरी घरांनी पहिली दोन-तीन वर्षे सचिनसाठी केरळला पाठिंबा दिला आणि 2014 व 2016 चे अंतिम सामने केरळने कोलकात्याच्या संघापुढे गमावले तेव्हा हळहळही केली. 2018 मध्ये सचिनने हिस्सा विकला, पण काहींची पिवळ्या जर्सीची ओढ राहिली. सिंधुदुर्गातल्या चाहत्याला मुंबईपेक्षा फातोर्डा जवळ, तो गोव्याचा. आणि राहुल भेके? मुंबईत जन्मलेला, मुंबईत घडलेला हा बचावपटू 17 मार्च 2019 ला मुंबईतल्याच मैदानावर, अंतिम सामन्यात, 117 व्या मिनिटाला हेडर मारून गोव्याला हरवून गेला, पण तो बंगळुरूसाठी. पुढे तो मुंबई सिटीत आला. एप्रिल 2022 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत इराकच्या एअर फोर्स क्लबला मुंबईने 2-1 असे हरवले. कुठल्याही भारतीय क्लबचा त्या टप्प्यातला हा पहिला विजय, आणि त्यातला एक गोल भेकेचाच. 2024 मध्ये तो पुन्हा बंगळुरूला गेला. मोहोपाड्यातल्या मुंबईच्या पाठीराख्याने त्याला आपला म्हणावे की समोरचा? यावर एक अख्खी संध्याकाळ सहज जाते.

प्लेऑफवर मात्र एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. पाच-सहा महिने सर्वांत चांगला खेळलेला संघ एका वाईट रात्रीत बाहेर पडतो, हा न्याय कसा? मुंबईकरांनी हे भोगले आहे. 2022-23 मध्ये मुंबई 46 गुणांसह पहिली आली, लीग शील्ड जिंकली. उपांत्य फेरीत बंगळुरूशी दोन सामन्यांत मिळून 2-2 अशी बरोबरी झाली आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये मुंबई 9-8 अशी हरली. त्या आठवड्यात मुंबईचा प्रत्येक चाहता प्लेऑफ बंद करा म्हणत होता.

पुढच्याच वर्षी पारडे फिरले. 15 एप्रिल 2024 ला साखळीतल्या अखेरच्या सामन्यात मुंबईला कोलकात्यात मोहन बागानशी फक्त बरोबरी हवी होती. सॉल्ट लेक स्टेडियम खचाखच भरलेले. बागानने 2-1 असा विजय मिळवला, 48 गुणांसह शील्ड नेली आणि 47 गुणांची मुंबई दुसरी राहिली. शुद्ध साखळीचा नियम असता तर मुंबईचे वर्ष तिथेच संपले असते. प्लेऑफ होते म्हणून 24 एप्रिलला फातोर्ड्याला उपांत्य फेरीचा पहिला सामना झाला. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांवर गोवा 2-0 ने पुढे होता. घड्याळात नव्वद मिनिटे होत आली होती. मग छांगटेने एक गोल केला. पाठोपाठ विक्रम प्रताप सिंगने बरोबरी साधली. भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला छांगटेने पुन्हा गोल केला आणि हरलेला सामना मुंबईने 3-2 असा जिंकला. परतीच्या सामन्यात मुंबईने 2-0 अशी बाजी मारली. 4 मे ला त्याच सॉल्ट लेकवर, त्याच मोहन बागानला, तितक्याच गर्दीसमोर 3-1 असे हरवून मुंबईने चषक आणला. बागान आधी एका गोलने पुढे होते. पेरेरा डियाझ, बिपिन सिंग आणि याकूब वोयतुश यांनी सामना फिरवला.

ज्याने 2023 मध्ये प्लेऑफला शिव्या दिल्या आणि 2024 मध्ये गुलाल उधळला, त्याने आपल्या मताचा ताळेबंद एकदा मांडायला हवा. शील्ड हा सहा महिन्यांच्या सातत्याचा मान आहे आणि चषक हा दडपणाखाली उभे राहण्याचा. दोन्ही वेगळे ठेवले तर दोन्हींना अर्थ राहतो. सहा संघांची प्लेऑफ चांगली आहे ती आणखी एका कारणासाठी. तिच्यामुळे आठव्या-नवव्या क्रमांकावरच्या संघाचा चाहताही मार्चपर्यंत जागा राहतो. 10 एप्रिल 2024 ला पंजाबने ईस्ट बंगालला 4-1 ने हरवले तेव्हा चेन्नईत आनंद झाला, कारण त्या निकालाने सहावी जागा चेन्नईयिनची झाली. दिल्लीतल्या सामन्याने चेन्नईत आनंद व्हावा, ही लीग नावाच्या गोष्टीची कमाई आहे.

वैर मात्र हिशेबाच्या पुढे गेले की बिघडते. 14 मे 2024 ला लंडनमध्ये टॉटनहॅमचा मँचेस्टर सिटीशी सामना होता. टॉटनहॅम जिंकले असते तर त्यांच्या जन्मजात वैऱ्याला, आर्सेनलला, विजेतेपदाचा रस्ता मोकळा झाला असता. टॉटनहॅमच्या स्वतःच्या चाहत्यांतल्या काहींनी आपला संघ हरावा असे उघड बोलून दाखवले. संघ 0-2 ने हरला. त्यांचे प्रशिक्षक पोस्टेकोग्लू यांचा संताप कॅमेऱ्यासमोर लपला नाही. त्या पराभवामुळे टॉटनहॅमची चॅम्पियन्स लीगची आशाही संपली आणि ती जागा अ‍ॅस्टन व्हिलाला मिळाली. दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणून स्वतःच्या घरचे नुकसान मान्य करणारा चाहता खेळापासून दूर गेलेला असतो.

महाराष्ट्रात अशा टोकाच्या निष्ठेचे गाव कोल्हापूर. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब: संघ तालमींचे आणि पेठांचे. शाहू स्टेडियमवरच्या गॅलरीत बसलेला माणूस खेळाडूला घरचा मुलगा म्हणून ओळखतो. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. कोल्हापुरात ईर्ष्या कधी कधी हाणामारीपर्यंत गेली आहे आणि तिथल्याच जाणत्या फुटबॉलवेड्यांनी त्याबद्दल कान उघडले आहेत. पण समोरच्या तालमीच्या संघाची साखळीतली स्थिती सांगता न येणारा कोल्हापुरी प्रेक्षक शोधून सापडणार नाही. मोहोपाड्यात असे मैदान नाही, अशी तालीम नाही. तरी ती हिशेबी नजर मोबाइलच्या पडद्यावरून का होईना, येऊ लागली आहे.

आता मागणीकडे. चाहता इतक्या प्रामाणिकपणे हिशेब मांडत असेल तर तो हिशेब खरा ठेवणे लीगचे काम आहे. 25 जून 1982 ला स्पेनमधल्या गिजोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया विश्वचषकात भेटले. त्याच गटातल्या अल्जीरियाचे सामने आदल्या दिवशी संपले होते. जर्मनीने एका गोलाने जिंकावे, मग दोघेही पुढे जाणार, हे दोघांनाही आधीच माहीत होते. दहाव्या मिनिटाला गोल झाला आणि उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलत काढला. जर्मनीला 2-1 ने हरवणारा अल्जीरिया बाहेर पडला. त्यानंतर 1986 च्या विश्वचषकापासून गटातले अखेरचे सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये अखेरच्या दिवशीचे दहाही सामने एकाच ठोक्याला सुरू होतात.

आपल्याकडे 11 मार्च 2025 ला ओडिशा सगळे सामने संपवून बसले होते आणि मुंबई मैदानात उतरली होती. साखळीतला शेवटचा सामना तर 12 मार्चला झाला. मुंबई त्या रात्री स्वच्छ जिंकली, कोणाच्याही प्रामाणिकपणावर बोट ठेवायला जागा नाही. पण बंगळुरूची प्लेऑफमधली जागा आधीच पक्की झालेली होती आणि दुसऱ्याचे भवितव्य त्यांच्या हाती होते, ही मांडणीच सदोष आहे. वाहिन्यांना प्रत्येक सामना वेगळा दाखवायचा असतो, जाहिरातींचा प्रश्न असतो, हे समजते. साखळीच्या बाकी सर्व फेऱ्या त्यांनी हव्या तशा पसराव्यात. शेवटची फेरी तेवढी एका दिवशी, एका वेळी व्हावी. एका पडद्यावर आपला सामना, दुसऱ्यावर सहाव्या जागेचा दावेदार, अशी रात्र भारतीय चाहत्याला मिळायलाच हवी.

त्या 11 मार्चचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. 29 मार्चला बाद फेरीत मुंबईला पुन्हा बंगळुरूलाच जावे लागले आणि मुंबई 5-0 ने हरली. सहाव्या जागेचा आनंद तीन आठवडेही टिकला नाही. तरी एकाही चाहत्याने ती जागा नको होती असे म्हटले नाही.

मग संकट आले ते वेगळ्याच दिशेने. जुलै 2025 मध्ये लीग चालवणाऱ्या कंपनीने नवा हंगाम थांबवला, कारण अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी 2010 मध्ये झालेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचे काही ठरले नव्हते. करार संपला, लीग सुरू झालेली नव्हती. त्याच डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतून अंग काढून घेतले. 2019 मध्ये या गटाने मुंबईत 65 टक्के हिस्सा घेतला होता आणि त्यानंतर संघाने दोन शील्ड व दोन चषक जिंकले. अखेर 6 जानेवारी 2026 ला केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी 14 फेब्रुवारीपासून 14 संघांसह लीग सुरू होईल असे जाहीर केले. एकेरी साखळी, एकूण 91 सामने, प्लेऑफ नाही. प्रत्येक संघाला 13 सामने, म्हणजे घरच्या मैदानावर सहा किंवा सात.

लीग झाली याचे समाधान मोठे आहे. पण ज्याने तीन वर्षे सहाव्या जागेची बेरीज-वजाबाकी केली त्याच्यापासून ती जागाच काढून घेतली गेली, आणि त्याला कोणी विचारलेही नाही. मुंबईने असे आधीही सोसले आहे. 2005-06 चे राष्ट्रीय विजेते महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाले. मुंबई एफसी 2017 मध्ये आय-लीगमधून घसरली आणि मग संपली. त्या संघांचे चाहते एका रात्रीत बिनसंघाचे झाले. त्यांतले काही इंग्लंडच्या क्लबांकडे गेले ते परत आले नाहीत. मोहोपाड्यातला सतरा वर्षांचा मुलगा आज आर्सेनलची जर्सी घालून फिरतो यात त्याचा दोष नाही. तिकडचे वेळापत्रक त्याला हंगामाच्या दोन महिने आधी कळते, आणि मे महिन्यातल्या कोणत्या रविवारी सगळे सामने एकत्र संपणार हेही.

महासंघ आणि क्लब आता पुढच्या हंगामाची घडी बसवतील तेव्हा तीन गोष्टी कागदावर याव्यात. घरी-परतीची पूर्ण दुहेरी साखळी आणि तिच्यावर सहा संघांची प्लेऑफ. पहिला चेंडू पडण्याआधी अख्खे वेळापत्रक, आणि शेवटची फेरी एकाच वेळी. तिसरी गोष्ट अंधेरीपुरती: शनिवार-रविवारी दोन सामने असतात तेव्हा पहिला पाच वाजता सुरू होतो, तर मुंबईच्या घरच्या सामन्यांतले निदान काही त्या वेळेला लावावेत. सात वाजता सामना संपला तर पनवेलची लोकल मिळते, पुढे रसायनीपर्यंतची गाडीही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला जाणाऱ्या कामगारालाही तो सामना मैदानात बसून पाहता येतो.